पाण्यासोबत खाली, नदीकाठानं वर: पांझरेच्या फडाची सोपी फेरी

ताई, तुम्ही विचारलंय की धुळ्याहून सकाळी निघून संध्याकाळच्या आत परत येता येईल, सत्तरीच्या आईला आणि शाळकरी मुलांना झेपेल, दम लागेल असा चढ नसेल, गेलो त्याच वाटेनं मागं फिरावं लागणार नाही आणि शिवाय काही जुनं पाहायला मिळेल, अशी चालण्याची जागा आपल्या खानदेशात आहे का. आहे, पण ती गडावर नाही. भामेर आणि लळिंग मला फार आवडतात, मात्र ते गुडघे शाबूत असणाऱ्यांसाठी. तुमच्या आईंसाठी मी फडाचा पाट सुचवेन. तो साक्री तालुक्यात, पांझरा नदीच्या वरच्या अंगाला, पिंपळनेर-सामोडे भागात आहे. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून माझी उमेदीची वर्षं याच खोऱ्यात गेली. निवृत्त झाल्यावर ओळखीपाळखीच्या लोकांना मी पाट दाखवायला नेत असतो. त्यामुळे जरा ऐसपैस सांगतो.

आधी फड म्हणजे काय ते कळलं पाहिजे, नाहीतर तुम्ही नुसत्या पाण्याच्या चरीकडेनं चालून याल. फड म्हणजे पाटाच्या पाण्यावर गावानं मिळून एकत्र भिजवायचा बागायतीचा मोठा पट्टा. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर गावांनी मिळून तीन-चारशे वर्षांपूर्वीपासून दगडी बंधारे घातले आणि त्यांतून पाट काढले. हा बंधारा पाणी साठवण्यासाठी नसतो. नदीचं पाणी जरासं वर उचलायचं आणि पाटाच्या तोंडात वळवायचं, एवढंच त्याचं काम. उरलेलं पाणी माथ्यावरून सांडून पुढच्या गावाच्या बंधाऱ्याकडे जातं. असे एकाखाली एक बंधारे नदीवर लागत जातात. पाटाची लांबी कुठं २ किलोमीटर, तर कुठं १२ पर्यंत जाते. भरून वाहणाऱ्या पाटात सेकंदाला साधारण ४५० लिटर पाणी असतं.

हा पाट टेकडीच्या पायथ्याला धरून जातो, नदी खाली राहते आणि दोघांच्या मधली जमीन ती गावाची कायम बागायत. म्हणून पाटाच्या बांधानं खाली गेलं आणि नदीकाठानं वर आलं की आपोआप गोल पूर्ण होतो. तुमची चक्कर म्हणजे एका गावाच्या सगळ्या बागायतीला घातलेली प्रदक्षिणा. मुद्दाम आखलेल्या पर्यटनाच्या वाटेला हे सुख नाही.

चढ का नाही, तेही सांगतो. पाटाला उतार फार बेताचा दिलेला असतो. जास्त उतार दिला तर पाणी तळ खरवडतं, कमी दिला तर गाळ बसतो. नदी मात्र तिच्या मनानं भराभर उतरते. त्यामुळे तोंडाशी नदीला खेटून असलेला पाट दोन-तीन किलोमीटरनंतर चांगला उंचावर दिसतो. आईंना कळणारही नाही आपण उंच कधी आलो, कारण आपण चढलेलोच नसतो. नदी खाली गेलेली असते.

चालायचं किती? सगळा पाट शेवटापर्यंत चालायची गरज नाही. बंधाऱ्यापासून पाटानं साधारण ३ किलोमीटर जा, मग फडातून उतरणाऱ्या गाडीवाटेनं नदीवर या आणि नदीकाठानं परत बंधाऱ्याशी. सगळं मिळून ६ ते ७ किलोमीटर होतं. थांबत, बघत, खात गेलात तर तीन-साडेतीन तास. दिशा मात्र मी सांगतो तीच ठेवा: पाण्यासोबत जा, नदीकाठानं परत या. पांझरा या टप्प्यात पूर्वेकडे वाहते, म्हणून पहिल्या तासाभरात ऊन तोंडावर येईल. टोपी घाला, पण दिशा बदलू नका. पाण्यासोबत चाललं की पाटाचं काम ज्या क्रमानं घडतं त्याच क्रमानं तुमच्यासमोर येतं. उलट बाजूनं गेलेली माणसं थकून बंधाऱ्याशी पोचतात आणि तिथं बसून फक्त डबा खातात.

बंधाऱ्याशी खरंच अर्धा तास द्या. पाणी कमी असेल तेव्हा बाजूनं त्याची बांधणी दिसते: काळ्या दगडाचे ओबडधोबड चिरे आणि मध्ये चुन्याचा लेप. माथ्यावरचे दगड पाण्यानं गुळगुळीत झालेत, खालच्या अंगाचे अजून खरखरीत आहेत. मुलांना दोन्हीवरून हात फिरवायला लावा. मग नदीच्या तळाकडे बघा. बंधाऱ्याची जागा कोणी उगाच निवडलेली नाही. जिथं नदीच्या पात्रात सलग खडक उघडा पडलाय तिथंच पाया धरलाय, कारण वाळूवर बांधलेली भिंत पहिल्याच पुरात जाते. खडकाचाच विषय निघालाय म्हणून सांगतो, साक्री-नंदुरबारकडे जाताना माळावर काळ्या दगडाच्या लांबच लांब उभ्या भिंती दिसतात. त्या माणसानं बांधलेल्या नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या काळात जमिनीच्या भेगांमध्ये रस थिजून त्या तयार झाल्या. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात, आणि आपल्याकडच्या बहुतेक पूर्व-पश्चिम पसरलेल्या आहेत. गाडीतून जाताना मुलांना त्या मोजायला सांगा, रस्ता लवकर सरतो.

बंधाऱ्याच्या एका टोकाला पाटाचं तोंड असतं. सुरुवातीचा तुकडा काठात खोल खणलेला असतो, तिथं दोन्ही बाजूंनी माती वर आणि आपण बांधावरून खाली पाण्याकडे बघत चालतो. पुढं पाट टेकडीच्या कुशीत शिरतो. मग एक बाजू टेकडीची आणि दुसरी बाजू घातलेल्या बांधाची. चालायचं ते नेहमी नदीकडच्या बांधावरून. टेकडीकडच्या अंगाला बाभूळ, बोर, घाणेरी माजलेली असते आणि पायाखालचं दिसत नाही. बांधावर कडुलिंब आणि आंब्याची जुनी झाडं लागतात, सावली बरी मिळते. पाट नदीच्या उजव्या तीरावरचा असेल तर थंडीत टेकडीची सावली सकाळी उशिरापर्यंत टिकते, त्यामुळे आईंच्या अंगावर शाल असू द्या. डिसेंबर-जानेवारीत धुळे भागात पारा एक आकडी होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पक्ष्यांसाठी वेगळं थांबावं लागत नाही. खंड्या पाण्यावरच्या फांदीवर बसलेलाच असतो, वेडे राघू विजेच्या तारांवर, आणि थंडीत धोबी शेपटी हलवत तुमच्या पुढं पुढं बांधावरून पळतो. बाभळीच्या फांद्या पाण्यावर झुकलेल्या असतात तिथं सुगरणीची जुनी घरटी लोंबताना सापडतील.

टेकडीवरून उतरणारा ओहळ आडवा आला की पाट काय करतो, हे या वाटेवरचं सगळ्यात बघण्यासारखं. ओहळ लहान असेल तर पाट दगडी बांधकामावरून पलीकडे नेतात आणि ओहळाचं पाणी खालच्या मोरीतून जातं. ओहळ मोठा आणि खोल असेल तर दुसरी युक्ती: पाटाचं पाणी नळात घालून ओहळाच्या तळाखालून न्यायचं आणि पलीकडे पुन्हा वर काढायचं. पलीकडचं तोंड अलीकडच्यापेक्षा थोडं खाली ठेवलं की पाणी आपल्याच दाबानं वर येतं. हा सायफन. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई प्रांताच्या बांधकाम खात्यात रुजू झाले तेव्हा विशीत होते. नोकरीतल्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे साक्री तालुक्यातल्या दातर्तीजवळ पांझरेवर बांधलेला असाच नळाचा सायफन. पुढं कृष्णराजसागर आणि म्हैसूरचं दिवाणपद यांनी त्यांचं नाव देशभर झालं, पण त्यांच्या हाताला पाण्याच्या कामाची पहिली सवय लागली ती आपल्या पांझरेकाठी. मला याचा मनापासून अभिमान वाटतो, आणि धुळ्याच्या शाळांतल्या मुलांना हे ठाऊक नसतं याचं वाईट वाटतं.

इथंच सावधगिरीचं सांगून टाकतो, कारण धोका याच जागी आहे. सायफनच्या किंवा बंद मोरीच्या तोंडाशी मुलांना अजिबात जाऊ देऊ नका. वरून पाणी संथ दिसतं, पण तोंडाशी ओढ जबर असते, आणि आत गेलेली वस्तू मध्ये अडकते. पाटाच्या कडा शेवाळानं निसरड्या झालेल्या असतात; पाय धुवायला उतरायचं तर जिथं बायका धुण्याला बसतात तशा दगडी पायरीवर, मोठ्यानं हात धरून. दुसरा धोका विजेचा. बांधावरून मोटारींच्या वायरी टाकलेल्या असतात, काही ठिकाणी जोड उघडे असतात. वायर दिसली की ओलांडून जा, तिच्यावर पाय नको, ओल्या चपलेनं तर नकोच. मोठ्या झाडाला आग्या मोहोळ लटकलेलं असेल तर बोलणं बंद करून पुढं व्हा. पायात चप्पल नको, बंद बूट हवेत. उसाच्या फडात बिबट्या असतो, म्हणून सूर्य मावळायच्या आत वस्तीवर या आणि मुलांना पुढं पळू देऊ नका. हे सगळं पाळलं तर वाट निर्धोक आहे.

पाटातून चाऱ्या फुटायला लागल्या की समजा तुम्ही फडावर आलात. पहिल्या चारीपाशी थांबून नीट बघा. चारीचं तोंड बंद करायला दार असेलच असं नाही. माती, दोन-चार दगड, पाणकणसाचा भारा आणि सिमेंटची फाटकी गोणी एवढ्यावर ते दाबलेलं असतं. पाणी वाटणारा पाटकरी येतो, फावड्यानं कडेची माती जरा सैल करतो, गोणी पायानं दाबून एका बाजूला सारतो आणि पाणी आवाज न करता चारीत वळतं. तो मग पाण्याकडे बघत नाही, पाटातल्या ओल्या खुणेकडे बघतो. खूण दोन बोटं उतरली की त्याला कळतं किती पाणी चारीत गेलं. हे कसब कुठल्याही प्रशिक्षणात शिकवता येत नाही. खात्याची मोजपट्टी हातात घेऊन मी त्याच्या शेजारी उभा राहिलोय आणि त्याचा अंदाज नेहमी मोजपट्टीजवळच उतरलेला पाहिलाय.

पाटकरी, जागल्या, हवालदार ही गावानंच नेमलेली माणसं. जागल्यानं पाटाची राखण करायची, पाटकऱ्यानं पाणी वाटायचं, हवालदारानं सगळ्यावर नजर ठेवायची. त्यांचा मेहनताना पूर्वी धान्यातही दिला जाई. पाण्याआधी पाटातला गाळ काढायला आणि फुटलेले बांध नीट करायला गाव उतरायचं. १८१८ साली इंग्रजांनी खानदेश घेतला त्याच्या कितीतरी आधीपासून हा कारभार कोणत्याही सरकारी हुकमाशिवाय चालत होता.

आता फडाचा खरा मर्म. पाटाच्या बांधावरून खाली बघितलंत की सगळी बागायत एका नजरेत येते, आणि ती साधारण चार मोठ्या पट्ट्यांत वाटलेली असते. एक पट्टा म्हणजे एक फड, १० हेक्टरपासून २०० हेक्टरपर्यंत केवढाही. एका फडात एका हंगामाला एकच पीक. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात हरभरा किंवा दादर (रब्बी ज्वारी), आणि एखादा पडीक, दरवर्षी फिरवाफिरव. शेजारी शेजारी सगळ्यांचं एकच पीक, त्यामुळे सगळ्यांना पाणी एकाच वेळी लागतं, एकाच वेळी तोडलं जातं. कोणाच्या गव्हात शेजारच्या उसाचं पाणी झिरपत नाही, जमीन चिबड होत नाही. बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असायची. मग ज्या वर्षी नदीला पाणी कमी, त्या वर्षी गाव ठरवायचं की यंदा दोनच फड भिजवायचे. तोटा व्हायचा तो सगळ्यांचा सारख्या प्रमाणात. पाटाच्या तोंडाशी असलेला माणूस गबर आणि शेपटाकडचा कोरडा, असा प्रकारच राहत नसे. मी नोकरीत मोठमोठ्या धरणांचे कालवे पाहिले. शेपटाकडच्या शेतकऱ्याची तक्रार नाही असा एकही पाहिला नाही. म्हणून सांगतो, आईंना आणि मुलांना त्या बांधावर बसवा, चारही पट्टे दाखवा आणि हे समजावून सांगा. दगडी कमानीपेक्षा ही गोष्ट पाहण्यासारखी आहे.

आज तुम्हाला सगळीकडे हे असं स्वच्छ दिसणार नाही. वर पिंपळनेरजवळ लाटीपाड्याचं धरण झालं, खाली अक्कलपाड्याचं झालं. विहिरी आणि मोटारी आल्या, ज्याच्या विहिरीला पाणी तो आपलं पीक आपल्या मनानं घेऊ लागला. जमिनींच्या वाटण्या होऊन प्रत्येक फडात तुकडा राहिला नाही. त्यामुळे गव्हाच्या पट्ट्यात मध्येच कांदा, मध्येच ऊस दिसेल. काही बंधारे गाळानं भरलेत. तरी पाट वाहतोय, पाळी लागतेय, आणि पाण्याच्या दिवसांत अजून पारावर विचारणा होते, "पाटले पानी उनं का?" (पाटाला पाणी आलं का?)

तुमच्यासाठी यातला कामाचा मुद्दा असा की पाट वर्षभर वाहत नाही. धरणातून आवर्तन सुटलं की वाहतो. दसरा-दिवाळीनंतर ते माघापर्यंत हा जाण्याचा काळ. निघायच्या आधी गावातल्या कोणाकडून तरी आवर्तन चालू आहे का याची खात्री करून घ्या. आवर्तनाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत जाऊ नका: पाणी गढूळ, वरून काडीकचरा वाहत येतो, आणि पाण्यावरची माणसं रात्रभर जागलेली असतात, त्यांच्याशी बोलायला हीच वेळ नको. तीन-चार दिवसांनी पाणी निवळतं. पाट कोरडा असला तरी दिवस फुकट जात नाही. उलट तळ, मोऱ्यांचं बांधकाम आणि गाळ बसलेल्या जागा तेव्हाच नीट दिसतात. चैत्र-वैशाखात मात्र नाव काढू नका, ४२-४३ अंशांत हे चालणं नव्हे, शिक्षा आहे. पावसाळ्यात बांध चिखलानं घसरडे आणि गवतात घोणस, तेव्हाही नको.

बांधावरून चालण्याचा हक्क आपला नाही, ती त्या शेतकऱ्यांची रोजची वाट आहे. समोरून येणाऱ्याला रामराम घाला, कुठून आलो, का आलो सांगा. डोक्यावर भारा असलेल्या बाईसाठी तुम्ही बाजूला व्हा. चारीच्या तोंडावरची माती मुलांनी उकरली तर कोणाचं तरी बारं (पाण्याची पाळी) मोडतं आणि आलेलं पाणी भलत्या वाफ्यात जातं. हरभऱ्याचे घाटे तोडायचा मोह मुलांना होणारच. विचारा, कोणी नाही म्हणत नाही, उलट मूठभर जास्त देतात. पाटात साबण लावून हात धुऊ नका.

तीन किलोमीटर झाले की फडातून उतरणारी बैलगाडीची वाट बघा, ती दोन फडांच्या मधून सरळ नदीवर जाते. इथं पाटाचा सांडवाही असतो, जास्तीचं पाणी त्यातून नदीला परत जातं. नदीकाठचं परतीचं चालणं साधं आहे, वाळू आणि गोटे. सूर्य पाठीशी असतो. चिंचेखाली डबा उघडा. कळण्याची भाकर, भरीत आणि ठेचा घरून न्या, वाटेत हॉटेल नाही. प्यायचं पाणी माणशी दीड लिटर सोबत ठेवा, पाटाचं पिऊ नका.

धुळ्याहून साक्री सुमारे ५५ किलोमीटर, सुरतेच्या महामार्गानं. तिथून पिंपळनेर आणखी २५ च्या आसपास. एसटी आहे, पण आई सोबत म्हणून गाडी न्या. सकाळी सहाला निघालात तर आठपर्यंत बंधाऱ्यावर.

कोणी तुम्हाला बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा सुचवेल. तेही जुन्या खानदेशातलंच, १६१५ साली अब्दुल रहीम खानखानाच्या वेळचं, सातपुड्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात आणणारं काम, आणि अप्रतिम आहे. पण तिथं पाणी पायाखाली खोल आहे, त्याच्या काठानं चालता येत नाही. तो वेगळा दिवस ठेवा.

आईंबद्दल शेवटचं. निघण्याआधी बंधाऱ्याजवळच्या गावात गाडीवाल्याला दाखवून ठेवा की गाडीवाट पाटाला कुठं भेटते. दोन किलोमीटरच्या आसपास एक तरी वाट पाटापर्यंत येतेच. पाय भरून आले तर आईंना तिथं गाडीत बसवा आणि चिंचेपाशी नदीवर भेटायला सांगा. मुलं आणि तुम्ही पुढं चाला.